वाण कशाला ओळखावयाचा?

जुलाब व वांत्या यांनी कोमेजून गेलेले आठ-दहा महिन्यांचे मूल रुग्णालयात येते. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. त्याच्या पोटात कोणत्या वाणाचा विषाणू शिरला, याच्याशी त्याच्या आईला काय कर्तव्य? खरे पाहता, त्या घटकेला डॉक्टरांनाही नाही. वाण कोणताही असो, उपचार एकच: जलसंजीवनी, जस्ताच्या गोळ्या, आईचे दूध चालू ठेवणे, प्रकृती फारच खालावली तर शिरेवाटे सलाईन. मग मलाचा नमुना प्रयोगशाळेत धाडून वाण शोधण्याचा खटाटोप कशासाठी?

मेलबर्न येथे १९७३ साली रूथ बिशप व त्यांचे सहकारी यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या अस्तराचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा हा विषाणू दृष्टीस पडला. त्याचा आकार चाकासारखा. लॅटिन भाषेत चाकाला ‘रोटा’ म्हणतात. म्हणून हा रोटाव्हायरस. त्याच्या पोटात आनुवंशिक द्रव्याचे ११ सुटे खंड असतात. जेलीसारख्या थरातून ते विजेच्या प्रवाहाने ओढले, की लांबीप्रमाणे मागेपुढे राहून त्यांचे पट्टे उमटतात. ही झाली ढोबळ ओळख. नेमका वाण ठरतो तो बाहेरील दोन प्रथिनांवरून. एकाला ‘जी’ व दुसऱ्याला ‘पी’ ही अक्षरे दिली आहेत. जगात सर्वाधिक आढळलेला वाण जी१पी८ हा होय.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तर वाण नाही पण गुण लागतो, असे आपण म्हणतो. येथे मात्र वाणच बदलतो! दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर सुट्या खंडांची अदलाबदल होऊन तिसराच निपजतो.

असाच एक विषाणू १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात अर्भकांत सापडला. त्यातील एक खंड गाईच्या विषाणूकडून आलेला होता. नवल असे, की त्याची लागण झालेली अर्भके आजारी पडली नाहीत. उलट पुढे त्यांना रोटाव्हायरसच्या तीव्र अतिसारापासून संरक्षण मिळाले. डॉ. महाराज किशन भान यांनी हा धागा सोडला नाही. ‘११६ई’ नावाच्या या जी९पी११ वाणापासून हैदराबादेत लस तयार झाली. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे ६,७९९ अर्भकांवर तिची चाचणी झाली. पहिल्या वर्षी रोटाव्हायरसच्या तीव्र अतिसारापासून शेकडा सुमारे ५६ संरक्षण मिळाल्याचे दिसले. हा आकडा काहींना तोकडा वाटेल. मला तो वाटत नाही.

आता खटाटोपाचे उत्तर. लस एका वाणाची, रोग अनेक वाणांचे. मग ती इतरांवर चालते काय? चाचणीत ज्या बालकांना अतिसार झाला, त्यांच्या नमुन्यांतील वाण ओळखले होते, म्हणूनच ती इतर वाणांपासूनही बचाव करते, हे सांगता आले. २०१६ साली रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात आली. ती तोंडावाटे, वयाच्या ६ व्या, १० व्या व १४ व्या आठवड्यांत द्यावयाची असते.