रुग्णालयाच्या फाटकापासून शंभर यार्ड



वडिलांच्या आजारपणात मी अकरा रात्री एका रुग्णालयाच्या आवारात काढल्या. फाटकासमोर औषधांचं दुकान, शहाळेवाला आणि पानटपरी. टपरीच्या खांबाला सुंभाची दोरी टांगलेली, तिचं टोक रात्रंदिवस धुमसत असायचं. एका पहाटे एक पेशंट चपला ओढत तिथे आला. सलाईनची सुई हाताला चिकटपट्टीनं तशीच बांधलेली. त्यानं एक सुटी सिगारेट घेतली, वाकून दोरीवर पेटवली, आणि पहिल्याच झुरक्याला खोकल्यानं दुमडला. वॉर्डाचा जिना तिथून चाळीस पावलांवर होता.

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं उजेडात आलं तेही रुग्णालयातल्या खाटांपाशीच. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांतल्या रुग्णांना त्यांच्या सवयी विचारून घेतल्या आणि १९५० साली निष्कर्ष छापले. डॉल यांनी तर काम चालू असतानाच स्वतःची सिगारेट सोडली. तरी पुढे कित्येक वर्षं अमेरिकेत रुग्णालयांमधल्या दुकानांत सिगारेटची पाकिटं मिळत होती. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या तिथल्या संस्थेची इमारतीत धूम्रपानबंदीची अट लागू झाली १९९२मध्ये.

आपल्याकडे २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे. २ ऑक्टोबर २००८पासूनच्या नियमांनुसार रुग्णालयाच्या इमारतीत सिगारेट ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड. तिथे ॲशट्रे, काडेपेटी ठेवायलाही मनाई. हे चांगलंच झालं. पण विक्रीचं कलम सहा वाचा. शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरपर्यंत, तंबाखू विकायला बंदी आहे ती शैक्षणिक संस्थेभोवती. रुग्णालयाचं नाव त्यात नाही! आवारात वैद्यकीय महाविद्यालय असेल, तर विद्यार्थ्यांच्या पुण्याईनं रुग्णांनाही हे संरक्षण मिळतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विद्यार्थी नसतात. तिथल्या दमेकऱ्याला ते मिळत नाही.

त्या कलमात ‘शैक्षणिक संस्था’ या शब्दांपुढे ‘किंवा रुग्णालय’ एवढं वाढवावं, हे माझं कळकळीचं मागणं आहे. टपरीवाल्याच्या पोटावर पाय यावा असं मला मुळीच वाटत नाही. चहा, बिस्किटं, शहाळी यांचा धंदा फाटकाशी खुशाल चालावा. रात्री दोन वाजता त्याच टपरीवाल्यानं मला चहा पाजला होता, आणि वडिलांसाठी थर्मासमध्ये गरम पाणीही भरून दिलं होतं.