कांद्याच्या पापुद्र्यापासून रानापर्यंत
(मंडळाच्या सभेत वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. विज्ञानावर दोन शब्द बोलावेत असे मंडळाने सांगितले, तेव्हा मनात संकोच होता. परंतु मुलांची पुस्तके चाळली आणि ध्यानात आले की, त्यांतले बरेचसे विज्ञान आपल्या चुलीपाशीच आहे.

कांदा चिरताना पाकळीच्या आतल्या अंगाचा तलम पापुद्रा सुटतो. तो शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की विटा रचाव्यात तशा चौकटी ओळीने दिसतात. याच पेशी. इंग्लंडात रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात असले कप्पे पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. घर विटांचे, तसे सजीवांचे शरीर पेशींचे. मात्र वीट निर्जीव. जिवंत पेशी अन्न घेते, वाढते आणि एकीच्या दोन होतात. आपल्या विरजणातले जंतू तर एकेका पेशीचेच!

हिरव्या पानाच्या पेशींत हरितलवके असतात. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ती साखर तयार करतात व प्राणवायू बाहेर सोडतात. कांदा मातीत वाढतो. त्याच्या पापुद्र्यात हरितलवके नसतात. हिरव्या पातीने कमवायचे आणि कांद्याने साठवायचे, असा हा संसार आहे.

तोच संसार रानातही चालतो. पान अळी खाते, अळीला चिमणी, चिमणीला शिकरा. शेवटी पान काय नि पाखरू काय, सारे मातीला मिळते. बुरशी व जंतू त्याचे खत करतात आणि ते पुन्हा झाडाच्या मुळाशी जाते. यालाच परिसंस्था म्हणतात. यात कोणी फुकटचे नाही व कोणी एकटे नाही. झाडे गेली की पालापाचोळा जातो, पावसाचे पाणी माती घेऊन धावत सुटते, विहिरी आटतात आणि शेवटी हंडा येतो तो बाईच्याच डोक्यावर.

हे उलटेही फिरवता येते. आपल्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी १९९०च्या दशकात कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड ठरविला आणि सुमारे ४४५ हेक्टर रान राखले. विहिरींना पाणी वाढले. तेथे २००४ पासून रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. तिच्यात स्त्रिया आपले पिढीजात ज्ञान ताटात मांडतात. श्री. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

भगिनींनो, अंगण झाडून पाचोळ्याला काडी लावण्याची आपली रीत आहे. त्या धुरात मातीचे अन्न जाते आणि लेकरांच्या छातीत धूर. त्याऐवजी परसात एक खड्डा करावा; पाचोळा, भाजीची देठे व शेण त्यात टाकावे. आपल्या मंडळाने यंदा हा एकच ठराव करावा, अशी माझी विनंती आहे.

आणि मुलाने "पेशी म्हणजे काय?" असे विचारले, तर "मास्तरांना विचार" म्हणू नका. त्याच्या हाती कांद्याचा पापुद्रा द्या.