खेकडा, वर्षावास आणि पेटी
(रावेर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला साहित्यावर बोलायला सांगितलंय. मी खेकड्यावर बोलणार आहे. हसून घ्या. हसून झालं की ऐका. ज्या साहित्यात आपल्या चुलीवरचं कालवण शिजत नाही, ते साहित्य आपल्या काय कामाचं?

रावेर म्हटलं की बाहेरच्या माणसाला केळी आठवते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण केळीचा घड पाठीवर वाहणाऱ्या मजुराला कोणी मानांकन दिलेलं नाही. आणि त्या मजुराच्या घरी पावसाळ्यात जो रस्सा शिजतो, त्याचं तर नावसुद्धा कुठल्या कागदावर नाही.

सातपुड्यातून सुकी उतरते, तापीला मिळते. तिच्या आजूबाजूला कितीतरी नाले. उन्हाळाभर खेकडा बिळात ओल धरून बसतो. मृगाचा पाऊस पडला, नाल्याला गढूळ पाणी आलं, की रात्री बाहेर निघतो. मग आपली माणसं निघतात. पूर्वी टेंभा, आता बॅटरी. सोबत बादली नाहीतर गोणपाट. खेकडा मागून पाठीवर दाबून धरायचा, म्हणजे नांगी बोटापर्यंत पोचत नाही. बिळात हात घालणारा जीव मुठीत घेऊनच घालतो, कारण आत साप असू शकतो. सकाळी तोच माल बाजाराच्या कडेला, भाजीवाल्यांच्याही पलीकडे, जमिनीवर बसून विकायचा. गावात वस्तीची जागा जिथे, बाजारात खेकड्याची जागा तिथेच. कडेला.

तुम्ही शहरात राहणारी पोरं. तुम्हाला खेकडा घेता येत नाही, म्हणून सांगतो. जिवंत घ्या, मेलेला फुकट दिला तरी नको. हातात जड लागला पाहिजे. हलका लागला तर त्यानं नुकतीच कात टाकलेली असते, आत पाणीच जास्त. उलटा करून पोट बघा. पोटावरची पट्टी अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोल असेल तर मादी. मादीच्या पट्टीखाली अंडी नाहीतर पिल्लं दिसली तर ती परत ठेवा आणि विकणाऱ्याला म्हणा, भो, हिला नाल्यात सोड. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं पाण्यात वाहत वाहत वाढतात. गोड्या पाण्यातल्याचं तसं नसतं. अंड्यातून थेट इवले इवले खेकडेच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. म्हणजे एक मादी उचलली की अख्खं बिऱ्हाड उचललं. बिऱ्हाड उचलून देणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

घरी नीट शिजवा. अर्धाकच्चा खेकडा खाऊ नका. त्यात फुप्फुसात जाऊन बसणारा एक कृमी असू शकतो. त्यानं खोकला येतो, खोकल्यातून रक्त पडतं, आणि माणसाला क्षयाची औषधं चालू होतात. पाय कुटून, पाण्यात कालवून, गाळून घ्या आणि ते पाणी रश्श्यात घाला. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला. सोबत कळण्याची भाकरी. एवढं पुरे.

आणि ज्याला नाला नाही, त्याला सुकट आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कोळणी जवळा वाळवतात आणि तो घाट चढून आपल्या आठवडे बाजारात येतो. सोडे महाग, ते पैसेवाल्याला. जवळा आपला. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून शहाणी बाई उन्हाळ्यातच डबा भरून ठेवते. हातात मजुरी नसली तरी मूठभर सुकट, मिरची, कांदा, की चार माणसं जेवतात. या डब्यानं किती घरं तगली याचा हिशेब कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीचा हिशेब मांडला. खान्देशातला कोण मांडणार? तुमच्यापैकीच कोणीतरी मांडा.

आता वासाबद्दल. मी शिकायला पुण्यात होतो. खोली बघायला गेलो. घरमालकानं आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग म्हणाला, आमच्याकडे वास चालत नाही. मी अजून काही शिजवलंही नव्हतं. वास कशाला म्हणतात ते त्या दिवशी कळलं. केळीवर फवारलेल्या औषधाचा वास यांना चालतो. तेच औषध पावसाच्या पाण्यानं नाल्यात उतरतं, खेकडा मरतो, तेव्हाही यांच्या नाकाला काही लागत नाही. आपल्या तव्यावर सुकट पडली की मात्र सगळी सोसायटी जागी होते.

खेकड्यावर आरोप करायला मात्र सगळे पुढे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. झोपलेली माणसं वाहून गेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केलेली होती. आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत काय म्हणाले? धरण खेकड्यांनी पोखरलं! ठेकेदार सुटला, अधिकारी सुटला, गुन्हेगार कोण, तर खेकडा. हे ऐकून मला आपलीच आठवण झाली. या देशात काहीही फुटलं की आधी वेशीबाहेरच्याकडेच बोट जातं.

पण बाहेरच्यांना शिव्या घालणं सोपं आहे. आज मला घरातलं बोलायचंय.

खेकड्याचा मोसम म्हणजे आपला वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. फार मोठी गोष्ट आहे ही. चौथी शिकलेली बाई माईकवर बाबासाहेबांचा ग्रंथ वाचते. पण अलीकडे आपल्यातच एक नवा सूर निघालाय. वर्षावासात मांस-मच्छी नको म्हणे. खेकडा आणला तर शेजारीण नाक मुरडते. शेजारीणही आपलीच, जयभीमवाली. मी विचारतो, हा वर्षावास पाळताय की श्रावण?

बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्यानंतर, छापून आला. रोज वाचता ना? मग अहिंसेचं प्रकरण नीट वाचा. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा भेद बाबासाहेबांनी तिथे मांडलाय. अहिंसा हे तत्त्व आहे. तत्त्व माणसाला विचार करायला लावतं. आंधळा नियम माणसाला सोवळं नेसवतो. ज्याला खायचं नाही त्यानं खाऊ नये, माझं काही म्हणणं नाही. पण न खाणारा शुद्ध आणि खाणारा हीन, ही पायरी विहारात बांधायची नाही. ती पायरी मोडायलाच आपण १९५६ साली नागपूरला गेलो होतो.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. बरोबर. पण ते मांस गावकीच्या गुलामीची मजुरी होती. ते सोडणं म्हणजे गुलामी सोडणं. नाल्यातला खेकडा कोणी आपल्या पदरात टाकलेला नाही. तो आपण रात्री जागून पकडलेला आहे. आणि त्याच महाडला, २० मार्चला, चवदार तळ्याचं पाणी आपण ओंजळीत घेतलं. पाण्यावर हक्क म्हणजे पाण्यातल्या जिवावरही हक्क, आणि ते पाणी विषारी होऊ न देण्याचाही हक्क. २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या मांसावर कायद्यानं बंदी आली. एक ताट सरकारनं ओढलं. दुसरं आपणच सरकवून द्यायचं का?

आता पेटीकडे येतो. तुम्ही म्हणाल खेकड्याचा आणि पेटीचा संबंध काय. संबंध पोटाचा आहे. आपल्या गायन पार्टीचा मोसम १४ एप्रिलला सुरू होतो. मग बुद्ध पौर्णिमा, लग्नं. पाऊस पडला की कार्यक्रम बंद. पेटी गोधडीत गुंडाळून ठेवायची आणि ढोलकीवाला बादली घेऊन नाल्यावर. रात्री गाणारा माणूस रात्री खेकडे धरतो. ही आपली कलावंतांची पेन्शन योजना!

याच भागातून मोठी माणसं निघाली. शेजारच्या मुक्ताईनगरचे, जुन्या एदलाबादचे, प्रतापसिंग बोदडे वामनदादांचे शिष्य. त्यांची गाणी महाराष्ट्रभर वस्त्यावस्त्यांतून गेली. आणि वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मले, २००४ ला गेले, आयुष्यभर गावोगाव फिरून गायले. त्याआधी आपल्या माणसांच्या हाती वाद्य होतं ते वेठीचं. वाजव म्हटलं की वाजवायचं, उरलेलं शिळंपाकं घ्यायचं. जलशानं ते वाद्य फिरवलं. कोणापुढे वाजवायचं, काय गायचं, हे आपण ठरवायला लागलो. सवाल-जवाब करत रात्रभर सामना चालायचा. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला घटना गाण्यातून कळली.

आज १४ एप्रिलला काय चाललंय? भाड्याची भिंत. छाती फुटेल असा आवाज आणि शब्द एक कळत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर भोंगा बंद. काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत. रात्रभराचा सामना तिथेच आटपला. ठीक आहे, संध्याकाळी सहाला सुरू करा! पण मंडळं वर्गणीतला मोठा वाटा डीजेला देतात आणि गायकाला म्हणतात, दादा, तुमचं तर मिशन आहे, जाण्यायेण्याचं भाडं घ्या. मिशन फक्त गायकाचं? डीजेवाल्याचं का नाही?

म्हणून माझं मागणं थोडकं आहे. येत्या वर्षावासात ग्रंथवाचन झालं की अर्धा तास पेटी-ढोलकी वाजू द्या. आपल्याच वस्तीतल्या पार्टीला बोलवा, बिदागी आधी ठरवा, आणि पाकीट सर्वांसमोर हातात द्या. गाणी वहीत उतरवून घ्या. गाणारा गेला की चाल जाते, कागदावर नुसते शब्द उरतात, म्हणून आवाजही मोबाईलवर धरून ठेवा. बाजारात खेकडे घेताना घासाघीस करू नका. मॉलमध्ये करता का? आणि नाल्यात खेकडे मेलेले दिसले तर फोटो काढा, तारीख लिहा, ग्रामपंचायतीत अर्ज द्या, पोच घ्या.

आणि त्या दिवशी घरी रस्सा असेल तर खिडकी लावून घेऊ नका.

जय भीम.