लांबून घरावर नजर : कॅमेरा घेण्यापूर्वी



गणेशोत्सवाच्या व्याख्यानात कॅमेऱ्याचा विषय कुठून आला, असे दोघातिघांनी मला विचारले. आपल्या सभासदांची यादी चाळा, उत्तर मिळेल. मुले पुण्याला, बंगळुरूला, टोरोंटोला. इथे बडोद्यात घरी दोघे, नाहीतर एकच जण.

पंधराशे ते अडीच हजारांत मोबाइलवर दिसणारा, मान वळवणारा, दोन्ही बाजूंनी बोलता येणारा कॅमेरा मिळतो. खोलीसाठी याहून जास्त खर्च करण्याची गरज मला वाटत नाही. मेगापिक्सेलचा गाजावाजा असतो, पण बैठकीच्या खोलीला १०८० पी पुष्कळ झाले. त्यापेक्षा मेमरी कार्ड बसते का, ते विचारा. बसत नसेल तर चित्रण कंपनीच्या क्लाउडवर ठेवावे लागते आणि त्याची वर्गणी चालू होते. वर्ष-दोन वर्षांत ती कॅमेऱ्याच्या किमतीपुढे जाऊ शकते. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण केले तर दिवसाला साधारण ११ जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात पाचसहा दिवस राहतात, मग जुने पुसून नवे भरते. मात्र घर महिनोन्‌महिने बंद असेल तर क्लाउडचे पैसे द्या, कारण चोराने कॅमेरा उचलला की कार्डही त्याच्याबरोबर गेले.

दांडिया बाजारातल्या जुन्या घरांच्या भिंती किती जाड, हे तुम्हाला सांगायला नको. कॅमेरा टांगण्याआधी त्या जागी मोबाइल धरून वायफाय नीट पोचते का ते बघा. स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतात. ५ चे नाव निवडले तर जोडणी होत नाही आणि दोष कॅमेऱ्यावर येतो.

आणि वीज. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली, कित्येक भागांत वीज नव्हती. मुलांना घराची काळजी नेमकी अशाच वेळी वाटणार आणि राउटर बंद पडला की कॅमेरा आंधळा. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, काही तास निघतात. कॅमेऱ्यालाही त्याचा आधार द्या. फार मोठ्या पुरात तोही पुरणार नाही, ते वेगळे.

खाते मुलाच्या किंवा तुमच्या मोबाइलवर उघडा, बसवायला आलेल्या माणसाच्या नव्हे. पासवर्ड लगेच बदला. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले पासवर्ड तसेच राहिल्यामुळे.

आता ज्यावरून घराघरांत धुसफूस होते ते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या मुलाने बैठकीत कॅमेरा लावला. काकू रोज पूजेला बसताना त्यावर रुमाल टाकू लागल्या. मुलाला वाटले, बिघडला. काकूंचे म्हणणे असे, की केस मोकळे, साडी कशीही, आणि सून तिकडून बघते आहे की नाही ते मला कळत नाही. मला त्यांचे पटले. ज्याच्या घरात कॅमेरा लावायचा त्याला आधी विचारायला हवे, आई असली म्हणून काय झाले?

शेवटी कॅमेरा तिथून काढून दाराकडे तोंड करून बोळात लावला. काकू सकाळी सातला दूध घ्यायला तिथूनच जातात. आठपर्यंत हालचाल दिसली नाही तर मुलगा फोन करतो. उचलला नाही तर शेजारच्या वहिनींना करतो. त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. टोरोंटोच्या मुलीचीही पाळी ठरली आहे. इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिकडे दुपारचे साडेचार असतात, ती जागीच असते. त्यामुळे रात्रीची सूचना तिच्या मोबाइलवर जाते. किल्ली कोणाकडे ठेवायची हे ठरले नसेल तर कॅमेरा आणायची घाई करू नका. पडलेले माणूस टोरोंटोहून नुसते दिसेल, उचलणार कोण?

एक कॅमेरा बरोबर आणला आहे. आरतीनंतर कार्यालयात जोडून दाखवतो. चश्मा आणि मोबाइलचा चार्जर विसरू नका.