सर, तुमची माफी मागायची आहे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. पण पहिल्या रांगेत आपले पीटीचे सर बसलेत, म्हणून मी फुटबॉलवर बोलणार आहे. हसू नका! तालमींच्या नावाने फुटबॉल संघ असणाऱ्या जिल्ह्यात जन्मलेल्याला त्यासाठी परवानगी लागत नाही.

खालिद जमील हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म कुवेतचा, पण माणूस मुंबईच्या फुटबॉलचा. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया अशा संघांतून आणि भारताकडूनही ते खेळले. पुढे दुखापतींनी पाठ सोडली नाही आणि 2009 मध्ये, बत्तिशीतच, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. सात वर्षांनी तिथलं कामही गेलं. मग ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या मोसमात आय-लीगमधून खाली घसरलेला, काही क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतलेला. त्याच संघाने 2017 मध्ये आय-लीग जिंकली. असं करणारा तो ईशान्य भारतातला पहिला क्लब.

ऑगस्ट 2025 मध्ये जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2012 नंतर प्रथमच या जागी भारतीय माणूस आला. पहिल्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून आपण तिसरे आलो. पुढे आशिया कपची पात्रता मात्र हुकली. प्रशिक्षकाचं असंच असतं. संघ हरला की बोट आधी त्याच्याकडे जातं.

हे मी का सांगतेय? दोन वर्षांपूर्वी आमचा प्रोजेक्ट बंद झाला आणि माझी नोकरी गेली. वीस वर्षं कोड लिहिलेल्या बाईला नव्या ठिकाणी काम मिळालं ते नवशिक्यांना तयार करण्याचं. मला ते कमीपणाचं वाटलं. पहिले सहा महिने मी त्या पोरांच्या चुका स्वतःच दुरुस्त करून टाकायची. त्यांना त्या सापडेपर्यंत गप्प बसणं मला जमतच नव्हतं. तेव्हा सर, तुम्ही आठवलात.

तुम्ही लंगडत मैदानावर यायचात आणि आम्ही मागे तुमच्या चालण्याची नक्कल करायचो. मीही करायचे. तुम्ही एके काळी कोल्हापुरात चांगले खेळत होता आणि ऐन उमेदीत गुडघा गेला, हे मला दहावीनंतर वडिलांकडून कळलं. तुम्ही वर्गात कधी अवाक्षर काढलं नाहीत. पाय दुखत असतानाही रेषेबाहेर उभे राहून "बघ आधी, मग मार" एवढंच ओरडायचात. मुलींनी खो-खोच खेळायचा, असं सगळे म्हणत होते, तेव्हा आमच्याकडे बॉल तुम्हीच टाकलात.

तीस वर्षं उशीर झाला. सर, त्या नकलेबद्दल सगळ्यांसमोर माफी मागते.

आणि संयोजकांना एक विनंती. शाळेला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ नको. वर्गणीतून मुलींच्या संघासाठी बॉल आणि बूट घेऊ. माझे पैसे मी आजच देते.