गवती चहातला बनफशा

आमच्या आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते एकमेकांना छेदतात. इथला कांद्याचा बाजार प्रसिद्ध. कांद्याचा भाव पडला की गावोगाव नव्या पिकाची चर्चा सुरू होते. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून लोक मला विचारतात, "सर, गवती चहा लावला तर? त्याच्या तेलापासून सेंट होतं म्हणे!"

म्हणणे खरे आहे. गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के सिट्रल असते. पातीला लिंबासारखा वास येतो तो त्याचाच. १८९३ साली टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सिट्रलचा अल्कलीच्या साहाय्याने ॲसिटोनशी संयोग घडवला, मग त्यावर आम्लाची क्रिया केली. तयार झालेल्या द्रव्याला चक्क बनफशाच्या, म्हणजे व्हायोलेटच्या फुलांचा वास होता! ग्रीक भाषेत त्या फुलाला 'आयॉन' म्हणतात, म्हणून द्रव्याचे नाव आयोनोन. बनफशाचे नैसर्गिक अत्तर फार महाग. आयोनोनमुळे तो सुगंध साबण-पावडरीतही आला.

हे द्रव्य मोठे लहरी आहे. हुंगले की वास येतो, क्षणात नाहीसा होतो, मग पुन्हा येतो; कारण नाकातली जाणीव तेवढ्यापुरती थकते. काहींना आनुवंशिकतेमुळे त्यातला फुलाचा वास जाणवतच नाही, उलट ते आंबट वाटते. चहाच्या पत्तीतही बीटा-आयोनोन अल्प प्रमाणात असते. म्हणजे गवती पात घातलेल्या चहाच्या कपात सिट्रल आणि आयोनोन शेजारी शेजारी नांदतात. 'अ' जीवनसत्त्वही कारखान्यात बीटा-आयोनोनपासून बनवता येते.

मग गवती चहा लावावा का? इथे हिशेब मांडावा लागतो. शंभर किलो ताज्या पातीतून तेल निघते साधारण पाव ते अर्धा किलो. त्यासाठी जवळपास ऊर्ध्वपातनाची भट्टी हवी, जळण हवे आणि ठरलेला ग्राहक हवा. शिवाय स्पर्धा शेजारच्या गावाशी नाही. आज सिट्रल खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून प्रचंड प्रमाणावर तयार होते. जुलै २०२४ मध्ये जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफच्या कारखान्यात आग लागली, तेव्हा जगभर सुगंधी द्रव्यांचा आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पुरवठा अडखळला. एका कारखान्यावर केवढे अवलंबून आहे पाहा! तो सुरळीत चालू असताना भाव ठरवण्यात आपल्या बांधावरच्या पातीला फारसा आवाज नसतो.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो : आधी ग्राहक, मग भट्टी, आणि शेवटी लागवड. नैसर्गिक तेलच हवे असणारे लोक आहेत. ते भेटले, भाव लेखी ठरला, तर अवश्य लावा. पण कांद्याने दिलेला घाव सुगंधाने आपोआप भरेल, या आशेवर एकरभर रान अडकवू नका. तोवर चार ठोंब परसात असू द्यावेत. चहापुरता त्यांचा भरवसा पक्का आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)