काटकसर जरूर करा, पण कात्री वरून चालवा

(रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सरकारी उधळपट्टी थांबावी, कारभार सुटसुटीत व्हावा, याला आमचा विरोध नाही. तिकिटाचा आणि टपालाचा पैसा गोरगरिबांच्या खिशातून येतो. एका फाइलीवर इतक्या सह्या कशाला, हा प्रश्न मंत्र्यांच्या आधी आपल्याला पडतो. कारण पासाचा, बदलीचा, मेडिकल बिलाचा आपलाच कागद त्या टेबलांवर अडकतो. आमचा सवाल एवढाच, की काटकसर सुरू कुठून करायची?

पाचव्या वेतन आयोगाने जानेवारी 1997 मध्ये अहवाल दिला. मंत्रालये व खाती कमी करा, फाइलीचे टप्पे कमी करा, असे त्यात होते. 10 वर्षांत 30 टक्के नोकरकपात करा, साडेतीन लाख रिक्त पदे रद्द करा, असेही होते. कपातीची शिफारस सरकारने जशीच्या तशी लागू केली नाही; पण रिक्त जागा न भरता तेच काम हळूहळू झाले. 1991 च्या सुमारास रेल्वेत साडेसोळा लाख माणसे होती, आज सुमारे बारा लाख आहेत. गाड्या मात्र वाढल्या. आणि याच काळात, 2002-03 मध्ये, 9 झोनचे 16 झोन झाले. वर मुख्यालये वाढली, खाली गँगमन घटले.

2020 च्या करोनाकाळात एप्रिलमध्ये महागाई भत्ता गोठवला. 18 महिन्यांचे तीन हप्ते गेले. जुलै 2021 मध्ये भत्ता 17 वरून 28 टक्के झाला, पण थकबाकी मिळाली नाही. सरकारने स्वतः संसदेत सांगितले, की यातून 34,402 कोटी रुपये वाचले. जुलै 2020 मध्ये रेल्वे बोर्डाचे पत्र आले. सुरक्षेच्या जागा वगळून नवी पदे थांबवा, निम्म्या रिक्त जागा सरेंडर करा.

वरून कात्री चालतच नाही, असे नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये साहेबांच्या बंगल्यांवर राबणाऱ्या ट्रॅकमनना कामावर परत पाठवण्याचा आदेश निघाला. डिसेंबर 2019 मध्ये रेल्वे बोर्डाचे सदस्य कमी करण्याचा निर्णय झाला. आम्ही दोन्हींचे स्वागत केले. खरी काटकसर ती हीच.

पण रिक्त जागा म्हणजे उधळपट्टी नव्हे. गँगमधला माणूस कमी झाला म्हणून रूळ कमी होत नाहीत. शेजारचा कीमन रजेवर गेला, की त्याचा बीटही आपल्याच गळ्यात येतो. टपालातही तेच. 2025 मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. कागदावर एक सेवा कमी झाली. पण पोस्टमनची पायपीट आणि काउंटरवरची रांग तशीच आहे.

म्हणून आपल्या मागण्या तीन. पद रद्द करण्याआधी त्या कामाचा अभ्यास युनियनला बरोबर घेऊन करा. कपातीचा हिशेब ग्रुप ए पासून मांडा. वाचलेल्या पैशातून आधी सुरक्षेच्या रिक्त जागा भरा.

उद्यापासून प्रत्येक शाखेने आपल्या युनिटमधील मंजूर पदे, हजर माणसे आणि ठेकेदाराची माणसे यांची यादी करावी. आकडे हातात असले, तरच बैठकीत आपल्या शब्दाला वजन येते.

कामगार एकजुटीचा विजय असो!